जमिनीवरची लढाई, आभाळातले घड्याळ

संरक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना घेऊन मी दरवर्षी एकदा वेताळ टेकडीवर जातो. सोबत सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट असते, एक प्रिझमॅटिक कंपास असतो, आणि मोबाईल तर प्रत्येकाच्या खिशात असतोच. आधी मोबाईल पिशवीत जमा करायचे. मग नकाशा दगडावर पसरायचा, कंपासने सिंहगड आणि चतुःशृंगी यांचे बेअरिंग घ्यायचे आणि त्या दोन रेषा जिथे छेदतात तिथे पेन्सिलीने टिंब द्यायचे. आपण उभे आहोत ती जागा ही. हा सगळा खटाटोप करायला हुशार मुलांनाही वीस मिनिटे लागतात, आणि टिंब खऱ्या जागेपासून शंभरेक मीटर सरकलेले असते. मग मोबाईल परत देतो. चार-पाच सेकंदांत प्रत्येकाच्या पडद्यावर निळा ठिपका येतो आणि बहुतेकांचा अगदी बरोबर असतो. मुले हसतात. त्यानंतर मी त्यांना जुन्या दगडखाणीच्या कड्याखाली नेतो. तिथे आकाशाचा निम्मा भाग खडकाने झाकलेला, आणि उरलेल्या निम्म्यातून येणारा उपग्रहांचा संदेश कड्यावर आपटून उशिरा पोचणारा. ठिपका थरथरू लागतो, कड्याच्या वर चढतो, खाणीतल्या पाण्यात उतरतो. हसू थांबते.

या पुस्तकाला प्रस्तावना कशी लिहावी याचा विचार करताना मला ती खाण आठवत राहिली, कारण पुस्तकाचा सगळा विषय तिथे हाताच्या अंतरावर दिसतो. अवकाश आणि युद्ध हे दोन शब्द जवळ आले की आपल्या डोळ्यांपुढे उपग्रहांना पाडणारी क्षेपणास्त्रे येतात. २७ मार्च २०१९ रोजी भारताने ‘मिशन शक्ती’त सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरचा आपलाच एक उपग्रह पाडून दाखवला, आणि काही दिवस वर्तमानपत्रांत दुसरा विषय नव्हता. ते महत्त्वाचे होतेच. पण अवकाशाचा युद्धाशी जो रोजचा, घट्ट संबंध आहे तो वर काय पाडले यात नाही. खाली चिखलात, बर्फात, वाळूत उभ्या असलेल्या माणसाला तीन गोष्टी हव्या असतात: मी कुठे आहे, समोरचा कुठे आहे, आणि हे मागच्याला कळवू कसे. घोडदळाच्या काळीही त्या याच होत्या. फरक इतकाच की आज या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा आभाळातून येतात.

पहिला प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. त्याला एक कारण पुण्याचे आहे, आणि ते पाषाणला आहे.

पाषाणची एआरडीई, म्हणजे शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास आस्थापना, आणि तिच्या जवळच सुतारवाडीची एचईएमआरएल ही उच्च ऊर्जा पदार्थांची प्रयोगशाळा. चांदणी चौकातून बाणेरकडे जाणाऱ्या हजारो लोकांना त्यांच्या भिंती आणि पाट्या रोज दिसतात. ‘पिनाक’ हे बहुनळी रॉकेट याच परिसरात घडले. एका ट्रकवर बारा रॉकेटे, आणि ती सगळी ४४ सेकंदांत सुटतात. १९९९ मध्ये कारगिलच्या डोंगरांत पिनाक वापरले गेले, तेव्हा ते अजून बाल्यावस्थेत होते. पहिल्या पिढीच्या या रॉकेटाचा पल्ला सुमारे ३८ किलोमीटर. आता तोफखान्याचे साधे गणित पाहा. तोफखाना वर्तुळाचे ३६० अंश करत नाही, ६४०० मिल करतो, कारण एक मिलची चूक म्हणजे एक किलोमीटरवर जवळजवळ एक मीटरची चूक, आणि हे हिशेब तोंडी करता येतात. ३८ किलोमीटरवर एका मिलची चूक झाली की रॉकेट ३७ मीटर बाजूला पडते. शिवाय वरच्या थरांतला वारा वेगळा, प्रत्येक रॉकेटातले इंधन जळण्याचा वेग किंचित वेगळा. म्हणून साधे रॉकेट एका बिंदूवर पडत नाही, मैदानभर पसरते. शत्रू मैदानभर पसरला असेल तर ते चालते. एका पुलावर किंवा एका बंकरवर नेम असेल तर चालत नाही.

पुढच्या पिढीच्या पिनाकाला म्हणून डोळे दिले गेले. नाकाजवळ छोटे पंख, आत जडत्वावर चालणारी दिशादर्शक यंत्रणा, आणि तिला वाटेत दुरुस्त करायला उपग्रहांचा आधार, त्यात ‘नाविक’ ही आपली दिशादर्शक उपग्रहांची यंत्रणाही. जानेवारी २०१७ मध्ये चांदीपूरला त्याच्या चाचण्या झाल्या. पल्ला पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास गेला. एक मिलची चूक तिथे ७४ मीटर होईल, म्हणजे वाटेतली दुरुस्ती नसेल तर वाढलेल्या पल्ल्याचा उपयोग कमीच. पुण्यात घडलेले हे रॉकेट आपले लक्ष्य आभाळाला विचारत विचारत गाठते, हे मला पहिल्यांदा नीट उमगले तेव्हा पाषाणच्या त्या भिंतींकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

तोफ कुठे उभी आहे हे अचूक ठाऊक नसेल तर गोळा अचूक जाणार नाही, ही गोष्ट तोफखान्याला फार जुनी. नाशिकजवळ देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत पिढ्यान्‌पिढ्या जवान आणि अधिकारी हेच शिकत आले: डायरेक्टर, म्हणजे कोन मोजायचे यंत्र, लावा, बेअरिंग पिकेटपासून मोजत या, गन पोझिशनचा ग्रिड काढा. त्या ग्रिडमागे मोजणीची मोठी परंपरा आहे आणि तिचे एक टोक महाराष्ट्रातच आहे. भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन दक्षिणेकडून त्रिकोणांची साखळी गुंफत वर सरकत राहिला आणि जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. जड थिओडोलाइट डोंगरांवर चढवून, रात्री दिव्यांवर नेम धरून, वर्षानुवर्षे माणसे खपली आणि देशाचा सांगाडा कागदावर उतरला. ते काम आज आभाळातली घड्याळे सेकंदात करतात.

घड्याळे हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. दिशादर्शक उपग्रह म्हणजे मुळात वर नेऊन ठेवलेले अणुघड्याळ. तो सतत एकच गोष्ट सांगत असतो: मी इथे आहे आणि माझ्याकडे आत्ता इतके वाजले आहेत. खालचा ग्राहक चार उपग्रहांचे हे निरोप ऐकतो, प्रत्येक निरोप यायला किती वेळ लागला ते पाहतो आणि त्यावरून स्वतःची जागा काढतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. घड्याळ एका मायक्रोसेकंदाने, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले की अंतरात ३०० मीटरची चूक. शनिवारवाडा ते कसबा गणपती हे अंतर जवळपास तेवढेच. तोफेचा गोळा वाड्यावर टाकायचा तो देवळावर पडेल, केवळ घड्याळाच्या एवढ्याशा चुकीने. म्हणून ज्याच्या हाती घड्याळ त्याच्या हाती नेम.

हे घड्याळ आपले असावे, हा धडा आपल्याला कारगिलने दिला असे सगळीकडे सांगितले जाते. अमेरिकेने तेव्हा त्या भागातली जीपीएसची माहिती द्यायला नकार दिला, ही ती गोष्ट. पुण्याच्या माणसाला अशा नकाराची ओळख आधीपासून आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने क्रे महासंगणक देण्यास खळखळ केली, १९८८ मध्ये इथे सी-डॅक उभे राहिले, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. नाविकची वाट मात्र इतकी सरळ गेली नाही, आणि ते आपण स्वच्छ डोळ्यांनी पाहिले पाहिजे. १ जुलै २०१३ रोजी पहिला उपग्रह वर गेला, एप्रिल २०१६ मध्ये सातवा. त्यानंतर पहिल्या उपग्रहातली तिन्ही अणुघड्याळे बंद पडली. ती परदेशातून आणलेली होती. त्याची जागा घ्यायला ऑगस्ट २०१७ मध्ये पाठवलेला उपग्रह अग्निबाणाच्या टोकाचे कवच न उघडल्याने आतच अडकून राहिला. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये प्रथमच अहमदाबादला घडवलेले आपले रुबिडियम घड्याळ होते. जानेवारी २०२५ मधला एनव्हीएस-०२, श्रीहरिकोट्याचे ते शंभरावे उड्डाण, ठरलेल्या कक्षेत जाऊ शकला नाही. तारामंडळातले सगळे उपग्रह पूर्ण क्षमतेने चालत नाहीत, ही आजची खरी स्थिती. शेजारी चीनने ‘बेईदू’चे जागतिक जाळे २३ जून २०२० रोजी शेवटचा उपग्रह सोडून पूर्ण केले. गलवानची रात्र त्याच्या आठ दिवस आधीची. या दोन तारखांचा एकमेकींशी संबंध जोडण्याचे कारण नाही, पण त्या शेजारी शेजारी ठेवल्या की मला अस्वस्थ वाटते, आणि वाचकालाही वाटावे अशी माझी इच्छा आहे.

आता दुसरा प्रश्न: समोरचा कुठे आहे.

१९९९ च्या उन्हाळ्यात द्रास-बटालिकच्या कड्यांवर घुसखोर बसले होते आणि आपल्या जवानांना खालून वर चढायचे होते. वर किती माणसे आहेत, कोणत्या दगडामागे मशीनगन आहे, हे बऱ्याच ठिकाणी चढूनच कळले. तेव्हाच्या आपल्या आयआरएस-१सी आणि १डी उपग्रहांच्या सर्वांत बारीक छायाचित्रात एक ठिपका ५.८ मीटरचा होता. एक ठिपका म्हणजे चाळीतल्या दोन खोल्या. पिके, धरणे, शहरे बघायला ते उत्तम. पण दगड रचून केलेला चार माणसांचा आडोसा, ज्याला फौजेत संगर म्हणतात, तो अशा एका ठिपक्यात विरून जातो. त्या युद्धात ५२७ जवान गेले. त्यातले किती केवळ माहिती नसल्यामुळे गेले, याचा हिशेब मांडता येत नाही. पण ते कडे पाहून आलेल्या कुणालाही हा प्रश्न सोडत नाही. युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने टेहळणीतल्या उणिवांवर बोट ठेवले. २२ ऑक्टोबर २००१ रोजी गेलेल्या टीईएस उपग्रहाचा ठिपका एक मीटरचा होता. पुढे कार्टोसॅट-२ मालिकेने तो मीटरच्याही आत आणला.

ठिपका लहान झाला म्हणजे सगळे दिसू लागले असे होत नाही. छायाचित्र घेणारा उपग्रह ठरलेल्या वेळी डोक्यावरून जातो, आणि ती वेळ खालच्यालाही काढता येते. याचे सर्वांत सुंदर उदाहरण आपलेच आहे. १९९५ मध्ये पोखरणच्या अणुचाचणीची तयारी अमेरिकी उपग्रहांना दिसली आणि बेत सोडावा लागला. १९९८ मध्ये सॅपर, म्हणजे फौजेच्या अभियंता दलातल्या, मंडळींनी काम रात्रीचे केले. पहाट होण्याआधी यंत्रे होती तिथे परत नेऊन उभी केली, उपसलेल्या वाळूचे ढीग वाऱ्याने केले असावेत अशा आकारात ठेवले. ११ मे रोजी स्फोट झाले तेव्हा वरून बघणाऱ्यांना आधी काहीच कळलेले नव्हते. खडकी आणि दापोडीच्या सॅपरांच्या शहरात राहणाऱ्या वाचकाला याचे मोल वेगळे सांगायला नको. आभाळातला डोळा किती तीक्ष्ण आहे याइतकेच तो कधी मिटलेला असतो हेही लढाईत मोजावे लागते.

आणि ढग. जून ते सप्टेंबर सह्याद्रीवर ज्याने घालवले आहेत त्याला विचारा, वरून किती दिसेल. साध्या कॅमेऱ्याचा उपग्रह आपल्या पावसाळ्यात महिनोन्‌महिने पांढरी गोधडी बघत राहतो. रडारचा उपग्रह मात्र स्वतःच लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरींवरून चित्र रचतो, त्याला ढग आणि अंधार आडवे येत नाहीत. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर पाच महिन्यांच्या आत, २० एप्रिल २००९ रोजी, रिसॅट-२ वर गेला. त्याचे रडार इस्रायलचे होते. २०१२ मध्ये रिसॅट-१ आला तो आपल्या रडारसह. मे २०२५ मधल्या ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत किमान १० उपग्रह देशाच्या सुरक्षेसाठी चोवीस तास काम करीत आहेत असे इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी जाहीरपणे सांगितले. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये ५२ टेहळणी उपग्रहांच्या कार्यक्रमाला मंजुरी मिळाली होती. आकडा मोठा आहे. त्याची गरज एका साध्या कारणाने आहे: एक उपग्रह एका जागेवरून पुन्हा जाईपर्यंत रणगाड्यांची तुकडी रात्रीत साठ-सत्तर किलोमीटर सरकलेली असू शकते. कालचे छायाचित्र फौजेच्या दृष्टीने इतिहास असते.

तिसरा प्रश्न निरोपाचा. त्याबद्दल मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सगळे संपले, आणि मदतीला उत्तरेकडे निघालेले नानासाहेब पेशवे तेव्हा वाटेत होते. त्यांना ही बातमी सुमारे दहा दिवसांनी कळली, तीही आपल्या जासुदाकडून नव्हे, सावकारी पत्रातून. त्याआधीही कित्येक आठवडे भाऊसाहेबांच्या छावणीचा दक्षिणेशी संपर्क तुटलेला होता. धान्य नाही, चारा नाही, आणि पुण्याला ते नीट ठाऊक नाही. पानिपताची कारणे अनेक आहेत, इतिहासकार ती मांडतात. मला मात्र त्या तुटलेल्या डाकेचे दुःख सर्वांत जास्त टोचते.

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावच्या अलीकडे-पलीकडे वाढलेल्या माझ्या पिढीने आर्वीची तबकडी पाहिली आहे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी तिथे देशातले पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र उभे राहिले आणि त्याला विक्रम साराभाईंचे नाव दिले गेले. द्राक्षांच्या आणि उसाच्या शेतांवर मान वर करून बसलेली, सुमारे ३० मीटर व्यासाची ती तबकडी. एका उपग्रहाशी बोलायला त्या काळी एवढा मोठा कान लागत असे. आज पाठीवर मावणारी चौकोनी तबकडी खंदकाच्या काठावर ठेवली की काम होते, आणि भूदलाचे युद्ध जर कशाने बदलले असेल तर या आकाराच्या फरकाने.

२४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरल्या, त्याच्या तासभर आधी व्हायासॅट कंपनीच्या उपग्रहसेवेवर संगणकी हल्ला झाला. हजारो मोडेम निकामी झाले. जर्मनीतल्या हजारो पवनचक्क्यांचा दूरनियंत्रणाशी संबंधही त्याच फटक्यात तुटला. काही दिवसांतच स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेची उपकरणे युक्रेनला पोचली आणि तिथला तोफखाना ड्रोनवरून दिसणारे लक्ष्य काही मिनिटांत तोफेपर्यंत पोचवू लागला. पण सेवा कुठे चालावी आणि कुठे नाही हे ठरवणे एका परदेशी खाजगी कंपनीच्या हाती गेले. उसन्या जासुदाच्या भरवशावर लढणे म्हणजे काय, ते त्या देशाने अनुभवले. आपल्याकडे नौदलाचा स्वतःचा जीसॅट-७ हा २०१३ मध्ये वर गेला, हवाई दलासाठी जीसॅट-७ए २०१८ मध्ये. सर्वांत जास्त माणसे ज्याच्याकडे आहेत, सर्वांत दुर्गम जागी ज्याची ठाणी आहेत, त्या भूदलासाठीच्या जीसॅट-७बीला मंजुरी मिळाली ती मार्च २०२२ मध्ये. हा क्रम मला खटकतो.

युक्रेनने आणखी एक गोष्ट शिकवली. दिशादर्शक उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून, आणि आपले नाविक उपग्रह तर छत्तीस हजार किलोमीटरवरून, साध्या दिव्याइतक्या वॉटचा संदेश पाठवतात. जमिनीवर पोचेपर्यंत तो इतका क्षीण होतो की ट्रकवरचे एक जॅमर त्याला बुडवू शकते. अमेरिकेचे जीपीएसवर चालणारे एक्सकॅलिबर गोळे सुरुवातीला फार अचूक लागत, रशियन जॅमर जागोजाग उभे राहिल्यावर त्यांचा नेम ढळला. वेताळ टेकडीच्या खाणीत कड्यामुळे जे होते, ते रणांगणावर शत्रू मुद्दाम घडवून आणतो. म्हणून पिनाकात जडत्वाची यंत्रणा आधी आणि उपग्रह नंतर. म्हणूनच देवळालीत आजही डायरेक्टर आणि कागदी नकाशा शिकवणे सोडून चालणार नाही.

या पुस्तकात अग्निबाणांची वर्णने कमी सापडतील. ती इतरत्र भरपूर आहेत. इथे भर आहे तो वर आणि खाली यांना जोडणाऱ्या माणसांवर: छायाचित्रातली सावली मोजून तोफेची उंची काढणारा विश्लेषक, बर्फात तबकडीवरचा थर झाडणारा सिग्नलमन, वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोसाठी अग्निबाणाच्या मोटारीचे कवच घडवणारा कामगार. पुण्यात जन्मलेल्या वसंत गोवारीकरांनी घन इंधनावर केलेल्या कामाचाही उल्लेख पुढे विस्ताराने आहे, कारण अवकाशात जाणारे आणि सीमेवर सुटणारे इंधन यांचे नाते रसायनशास्त्रात अगदी जवळचे आहे.

पहिले प्रकरण घड्याळाचे आहे. ते थोडे अवघड वाटेल, त्यात समीकरणेही आहेत. जमल्यास ते घरात वाचू नये. मोबाईल घेऊन जवळच्या टेकडीवर जावे, किती उपग्रह दिसतात हे दाखवणारे एखादे ॲप उघडावे आणि यादीत नाविकचा उपग्रह येतो का ते पाहावे. मग एखाद्या दाट झाडाखाली जाऊन पुन्हा पाहावे, आणि तिथेच बसून पहिले पान उलटावे.

पुणे